राबायचे कपडे घेताना: देशी बनावटीचा टिकाऊ कपडा शोधण्याची रीत

मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, वर्षातून दोनदा एक ठरलेला प्रश्न कानावर येतो: "शेतात, साइटवर, कंपनीत घालायला आपल्या देशात बनलेली चांगली पँट कुठल्या दुकानात मिळेल?" विचारणारा दुकानापासून सुरुवात करतो, मग रंग बघतो, मग भाव करतो. कापडाकडं लक्ष जातं ते पहिल्या धुण्यानंतर. तोवर बिल हरवलेलं असतं.

मीही हेच केलं होतं. शेतातल्या आखाड्यावरच्या माणसांसाठी एका दुकानातून एकदम १२ तयार पँटी उचलल्या. खाकी रंग, हाताला जाड, कडक. पहिल्या धुण्यात कडकपणा पाण्याबरोबर वाहून गेला, दुसऱ्यात उंची दीड इंच आटली. सोयाबीनच्या काढणीत ट्रॉलीत चढताना एकाची पँट आसनात उसवली. ती उलटी करून पाहिली तर आसनाला साखळी टाक्याची एकच टीप होती. सुटलेलं टोक धरून ओढलं, तर वीतभर शिलाई सरसर निघून आली. बाकीच्या ११ पँटींची शिलाई तशीच होती. घेताना एक जरी पँट उलटी केली असती तर दुकानातच कळलं असतं.

त्यानंतर क्रम बदलला. पुढचे टप्पे त्याच क्रमानं आहेत. मधला एखादा टप्पा गाळला की पुढच्या टप्प्यात पैसे जातात, म्हणून क्रम मोडू नका.

## सुरुवात करण्याआधी काय जवळ हवं

शिंप्याची टेप, पांढरा सुती रुमाल, छोटी कात्री, काड्यापेटी, मोबाइलची बॅटरी (टॉर्च) आणि तुमचा स्वतःचा एक फाटलेला कामाचा कपडा. शेवटची वस्तू लोक टाळतात, पण सगळ्यात जास्त माहिती तीच देते.

वेळही आधी ठरवा. मे-जूनमध्ये शिंपी शाळेच्या गणवेशात अडकलेला असतो, दिवाळीच्या आधी महिनाभर तो कुणाचंच ऐकत नाही, आणि लग्नसराईत त्याच्याकडं सफारी-ब्लाउजचा ढीग असतो. कामाचे कपडे शिवायला टाकायचे तर आषाढ-श्रावण किंवा डिसेंबर-जानेवारी बघा. घाईच्या दिवसांत शिवलेल्या पँटीला दुहेरी टीप मागितली तरी एकेरीच मिळते.

## टप्पा १: फाटका कपडा वाचा

जुनी पँट किंवा शर्ट उन्हात धरा आणि कुठून गेला ते पाहा.

गुडघा विरून जाळी झाली असेल तर कापड हलकं होतं, किंवा गुडघ्यावर दुसरा थर हवा होता. आसनात उसवलं असेल तर कापडाचा दोष नाही, बेत (कापड कापण्याची पद्धत) आणि शिलाई चुकली. फाटण्याची रेघ शिलाईच्या बाजूनं कापडातच गेली असेल तर पँट मुळात तंग होती. पाठ आणि खांदा हात लावताच फाटत असेल तर घाम आणि ऊन यांनी सूत सडवलं. तिथं जाडी वाढवून फार फरक पडत नाही, दोन कपडे आलटून पालटून वापरले की पडतो. खिशाचा कोपरा फाटला असेल तर तिथं आडवा पक्का टाका नव्हता. पोती उचलणाऱ्याचा शर्ट एकाच खांद्यावर विरतो. त्याला शर्ट बदलून देण्यापेक्षा त्या खांद्यावर आतून पट्टी लावून दिली तर शर्ट कितीतरी जास्त चालतो.

दोन ओळी कागदावर लिहा: कुठं गेलं, किती महिन्यांत गेलं. दुकानात जाताना हा कागद खिशात असू द्या.

## टप्पा २: काम ठरवा, मग कापड

कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं. डेनिमचं वजन मात्र चौरस यार्डाला किती औंस, असं सांगतात. १ औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम, त्यामुळं १२ औंसांचं डेनिम ४०० जीएसएमच्या पुढं जातं. जाड ते टिकाऊ, या समजुतीपायी लोक वैशाखात, पारा ४२-४३ वर असताना, जीन्स घालून वखरणी करतात. घामानं भिजलेली जीन्स जड होते, मांडीला घासते आणि रात्रभरात वाळत नाही.

उन्हातलं शेतकाम. शर्टाला सुती पॉपलिन किंवा हलकं ट्विल, ११० ते १४० जीएसएम, फिका रंग, पूर्ण बाही. पँटला सुती ड्रिल, २२० ते २६०. ड्रिल ओळखायचं ते कापडावरच्या तिरक्या रेघांवरून. शाळेच्या जुन्या खाकी चड्डीचं कापड आठवा.

ऊसतोड. पाचटाची कड पात्यासारखी कापते. इथं शर्ट दाट विणीचा, १५० ते १८० जीएसएमचा हवा, कॉलर वरपर्यंत बंद होणारी हवी आणि बाहीचं बटण मनगटावर घट्ट बसायला हवं.

फवारणी. २०१७ मध्ये आपल्या मराठवाड्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल. सुती कापड औषध शोषून अंगाला लावून ठेवतं. पाठीवरचा पंप झाकणातून गळतो आणि आधी पाठच भिजते. म्हणून फवारणीचा जोड वेगळा ठेवा: पूर्ण बाही, पूर्ण पँट, आणि वरून पाणी न शोषणारा ॲप्रन, जो पाठही झाकेल. हातमोजे, मास्क, चष्मा हे याशिवाय लागतातच.

> इशारा: फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवा. औषध सांडून कपडा चिंब झाला असेल तर तो पुन्हा वापरात आणू नका. पोछा करायलाही नाही.

भट्टी, वेल्डिंग, गॅस कटिंग. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी आणि गावोगावच्या फॅब्रिकेशनवाल्यांसाठी हा मुद्दा जिवाचा आहे. पॉलिस्टर ठिणगीनं वितळतं आणि कातडीला चिकटतं. टेरिकॉट, पीसी (पॉलिस्टर-सुती), पीव्ही (पॉलिस्टर-व्हिस्कोस), यातलं काहीही इथं नको. निव्वळ सुती जाड कापड हे किमान. भट्टीजवळ कायम काम असेल तर ज्वालारोधक प्रक्रिया केलेला कपडा घ्या आणि त्यावर आयएस १५७४८ हे मानक लिहिलेलं आहे का ते पाहा. मोहरी बाहेरून दुमडलेली नको, ठिणगी त्या घडीत जाऊन बसते. खिशाला झाकण हवं.

फिरती यंत्रं. मळणी यंत्र, कडबाकुट्टी, लेथ, ड्रिल मशीन. इथं कपडा अंगासरशी हवा. सैल बाही, लोंबतं उपरणं, ओढणी, सुटा पदर यांपैकी काहीही यंत्रानं ओढलं की माणूस ओढला जातो. फिरत्या लेथवर हातमोजाही घालू नये.

डोंगरातली भटकंती. गौताळा, अजिंठ्याचे डोंगर, बालाघाट. पावसाळ्यानंतर इथं कुसळांचं राज्य असतं. होजियरीची ट्रॅकपँट घालून गेलात तर घरी येऊन तासभर कुसळं वेचत बसावं लागतं. गुळगुळीत, दाट विणीच्या कापडाला ती धरत नाहीत. या एका कामासाठी सुती-नायलॉन किंवा पीसीचं हलकं कापड मला निव्वळ सुतीपेक्षा बरं वाटतं, लवकर वाळतं म्हणून.

रात्रीचं पाणी. कृषिपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते आणि डिसेंबरच्या थंडीत ओल्या वाफ्यात उभं राहावं लागतं. घोंगडीला इथं अजून तोड नाही. लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि खोळ करून घेतली की डोकं, पाठ दोन्ही झाकतात. हातमागाची घोंगडी घेताना चिंचोक्याच्या खळीचा कडकपणा जाणवतो, तो वापरानं कमी होतो. मऊ, चकचकीत, एकसारख्या रंगाची 'घोंगडी' बहुधा ॲक्रिलिकची असते. तिच्या काठाचा धागा जाळून पाहा.

## टप्पा ३: कुठं शोधायचं ते ठरवा

मराठवाड्यात कापूस पिकतो म्हणून मराठवाड्यातच बनलेला कपडा शोधत फिरू नका, त्यात वेळ जातो. कापड आणि शिलाई देशभरातल्या ठरावीक ठिकाणांहून येते, आणि ती माहीत असली की दुकानदाराला नेमकं विचारता येतं. शर्टाचं कापड इचलकरंजी-भिवंडीचं, पँटच्या पॉलिस्टर-व्हिस्कोस कापडात भीलवाड्याचं नाव मोठं, डेनिम अहमदाबादकडचं, तयार गणवेश सोलापूरचे, टी-शर्ट-बनियन तिरुपूरचे, स्वेटर आणि लोकरी कपडे लुधियान्याचे, तयार जीन्स उल्हासनगर किंवा बळ्ळारीच्या. "माल कुठला आहे?" असं विचारल्यावर जो दुकानदार गावाचं नाव सांगतो, त्याच्याशी पुढं बोला.

वाटा तीन.

पहिली, आणि माझ्या मते शेतकऱ्याला सर्वांत फायद्याची: ताग्यातलं कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून शिवणं. संभाजीनगरची गुलमंडी, लातूरची गंजगोलाई, नांदेडचं वजिराबाद, नाहीतर आपल्या तालुक्याच्या गावातलं जुनं कापड दुकान. तिथं "गणवेशाचं सुती ड्रिल दाखवा" म्हणा. "वर्कवेअर" म्हणालात तर तो तयार कपड्यांकडं बोट दाखवील.

दुसरी: वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसींच्या आसपासची सेफ्टीच्या सामानाची दुकानं. बॉयलर सूट, डांगरी, चमकत्या पट्ट्यांची जाकिटं इथं मिळतात. रस्त्याच्या कामावर लागणाऱ्या अशा जाकिटांसाठी आयएस १५८०९ हे मानक आहे. पट्टी नुसती चंदेरी दिसते की खरंच उजेड परत फेकते, हे अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलची बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून कळतं. खरी पट्टी पांढरीशुभ्र पेटल्यासारखी दिसते.

तिसरी: ब्रँडचं दुकान, खादी भांडार, एक्स्पोर्ट सरप्लस (निर्यातीतून उरलेला माल). खादीबद्दल एवढंच: हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या सुताची खादी उन्हात अंगाला फार सुखाची, पण घासाघाशीच्या कामाला तिचा धागा कमी पडतो. देखरेख, बाजार, प्रवास, मोंढ्यातली कामं यांना शर्ट घ्यावा. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती, जी राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी ओळखली जाते, ती आपल्याच भागातली आहे. खादी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर 'खादी मार्क' हवा. नुसता खडबडीत पोत पाहून पैसे देऊ नका.

> इशारा: 'मिलिटरी माल' म्हणून विकल्या जाणाऱ्या छापील कपड्यांपासून लांब राहा. लष्कराचा २०२२ मध्ये आलेला डिजिटल छाप खुल्या बाजारासाठी नाही. आणि रस्त्यावरच्या गठ्ठ्यातलं ते कापड बहुतेक वेळा पातळ पॉलिस्टरच निघतं.

## टप्पा ४: कापडाची परीक्षा

इथं घाई करू नका. ताग्यातलं कापड घेणार असाल तर आधी वीतभर, म्हणजे २०-२५ सेंटिमीटर, विकत घ्या. दुकानदाराला विचित्र वाटलं तरी देतो. तयार कपड्यावर जळण्याची, वजनाची आणि आटण्याची परीक्षा करता येत नाही, बाकीच्या करता येतात.

किनार. ताग्याची कड पाहा. चांगल्या गिरणीच्या कापडावर किनारीला गिरणीचं नाव छापलेलं किंवा विणलेलं असतं. देशी कापड ओळखण्याची ही पहिली खूण.

खळ. कापडाची घडी दोन्ही तळहातांत धरून जोरात चोळा, कपडा धुताना चोळतो तसं. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग एकदम मऊ, विरळ वाटला, तर जाडी खळीची आहे. माझ्या त्या १२ पँटींचा कडकपणा असाच होता.

उजेड. मोबाइलची बॅटरी कापडामागं धरा. ड्रिलमधून उजेड सगळीकडं सारखा झिरपावा. कुठं जाड पट्टा, कुठं चाळणी, असं दिसलं तर वीण असमान आहे, आणि कापड चाळणीच्या जागी आधी जातं.

वजन. १० सेंटिमीटर गुणिले १० सेंटिमीटरचा चौकोन नीट मोजून कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. आलेल्या ग्रॅमला १०० नं गुणलं की जीएसएम. २.४ ग्रॅम भरला तर २४० जीएसएम. आमच्या गावचा सोनार आता माझ्या हातात कापडाचा तुकडा दिसला की काटा शून्यावर आणून ठेवतो. वजन खळ धुऊन, तुकडा पूर्ण वाळवून करा. कोऱ्या आणि धुतलेल्या तुकड्याच्या वजनात मोठा फरक निघाला तर तेवढे पैसे तुम्ही खळीचे देत होता.

जाळून पाहणं. उभे-आडवे दोन्ही धागे काढा, वेगवेगळे जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा, राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर आकसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरतो. लोकर केस जळल्यासारखा वास देते. मिश्र कापडात ज्योतही धरते आणि मणीही राहतो. दुकानाबाहेर, चिमट्यात धरून, एकच धागा. वितळता थेंब बोटावर पडला तर फोड येतो.

रंग. पांढरा रुमाल ओला करून, पिळून, कापडावर दहा वेळा जोरात घासा. हलकी छटा आली तर चालेल. रुमाल रंगला तर पहिल्या पावसात बनियनही रंगणार.

आटणं. २० सेंटिमीटरची खूण उभी आणि आडवी, पक्क्या शाईनं करा. गरम पाण्यात भिजवा, धुवा, उन्हात वाळवा. हे दोनदा करा आणि मोजा. १ सेंटिमीटर कमी भरलं तर आटणं ५ टक्के. म्हणजे ४० इंच उंचीची पँट ३८ होणार. 'सॅन्फोराइज्ड' असं लिहिलेलं कापड फार आटत नाही, तरीही मोजाच.

> तपासा: वजन, सूत आणि आटणं, या तिन्हींचे निकाल तुमच्या कागदावर आले का? नसतील तर शिंप्याकडं जाऊ नका.

## टप्पा ५: कपडा उलटा करा

तयार कपड्याचा खरा चेहरा आतल्या बाजूला असतो. पँट पूर्ण उलटी करा आणि या क्रमानं पाहा: आसन, मांडीची आतली शिलाई, नेफा, खिशांचे कोपरे, चेन, काजं.

आसनाला आणि मांडीच्या आतल्या बाजूला दोन समांतर टिपा हव्यात. सर्वांत पक्की ती दाब शिलाई, ज्यात कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत गुंडाळलेल्या असतात आणि आतून एकही धागा मोकळा दिसत नाही. नुसतं ओव्हरलॉक आणि एक टीप असेल तर आमच्या ट्रॉलीवाल्या पँटची गत होते. दोन्ही अंगठे शिलाईच्या दोन बाजूंना ठेवून ताणा. टाक्यांच्या मधून उजेड दिसला किंवा कापडाचे धागे सरकून फट पडली, तर परत ठेवा.

टाके मोजा. एका इंचात शर्टाला १० ते १२, जाड ड्रिलला ८ ते १०. त्याहून कमी असतील तर शिलाई ढिली. फार दाट असतील तर सुईनं कापडाला भोकं पाडून त्या रेषेवर ते कमजोर केलेलं असतं, ही बाजू पुष्कळांना माहीत नसते.

खिशाच्या तोंडाशी, चेनच्या खाली आणि पट्ट्याच्या लूपवर आडवा दाट टाका हवा. खिशाचं अस्तर पँटइतकंच तपासा. विळा, पक्कड, मोबाइल, किल्ल्या यांनी पातळ पॉपलिनचा खिसा दोन महिन्यांत गळतो. चेन पितळी दातांची बरी, मातीत नायलॉनची चेन लवकर अडकते. चेन दहा वेळा खालीवर करा. धागा पॉलिस्टरचा हवा, सुती धागा घामानं कुजतो. कापड सुती आणि दोरा पॉलिस्टर, ही जोडी बरोबर आहे. अपवाद भट्टीच्या कपड्यांचा, तिथं दोराही आग सहन करणारा लागतो.

नंतर घालून बघा. आरशासमोर उभं राहण्यात अर्थ नाही. खुरपायला बसतो तसं उकिडवं बसा, एक पाय खुर्चीवर ठेवा, दोन्ही हात डोक्यावर न्या. बसल्यावर नेफा पाठीवरून खाली सरकत असेल किंवा हात वर केल्यावर शर्ट पँटमधून सुटत असेल, तर माप मोठं घेऊन उपयोग नाही, बेत चुकीचा आहे.

## टप्पा ६: चिठ्ठी आणि बिल वाचा

भारतीय नावाचा ब्रँड म्हणजे भारतात बनलेला कपडा, हा समज सर्वांत जास्त फसवतो. देशी नावाचा शर्ट बांगलादेशात शिवलेला असू शकतो आणि परदेशी नावाची पँट बेंगळुरूला शिवलेली असू शकते. कपड्याला लावलेल्या चिठ्ठीवर (लेबलवर) तीन वेगळे शब्दप्रयोग असतात: 'मॅन्युफॅक्चर्ड बाय', 'मार्केटेड बाय' आणि 'इम्पोर्टेड बाय'. पहिल्यापुढं भारतातला पत्ता असेल तर बनवणारा इथला. नुसतं 'मार्केटेड बाय' असेल तर 'मेड इन' किंवा मूळ देशाची ओळ शोधा.

वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यावरही बनवणाऱ्याचं किंवा ब्रँडचं नाव-पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क, माप आणि कमाल किरकोळ किंमत हवी. आयात असेल तर देशाचं नावही. ऑनलाइन घेत असाल तर मूळ देश दाखवणं विक्रेत्याला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. तो फोटोखालच्या तपशिलात, बऱ्यापैकी खाली असतो.

एक बारकी गोष्ट. 'मेड इन इंडिया' म्हणजे कपडा इथं शिवला. कापड कुठलं, ते त्यातून कळत नाही. सुती ड्रिल, पॉपलिन, डेनिम देशी असण्याची शक्यता दांडगी. रेनकोटचं लेप दिलेलं कापड किंवा ताणणारं 'ट्रेकिंग' कापड बाहेरून आलेलं असू शकतं. कापडही देशीच हवं असेल तर सुतीकडं वळा आणि ताग्याची किनार वाचा.

एक्स्पोर्ट सरप्लसमध्ये चिठ्ठी अर्धी कापलेली असते, रुपयांत किंमत नसते. माल चांगला असू शकतो, पण तो नापास होऊन इथं आलेला असू शकतो. टप्पा ५ तिथं दुप्पट लक्ष देऊन करा, आणि डाव्या-उजव्या पायाची उंची टेपनं मोजा.

बिल पक्कं घ्या. त्यावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ३३ तमिळनाडू. ते विक्रेत्याचं राज्य असतं, कपड्याचं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के कर आहे, आणि तो प्रत्येक नगाच्या किमतीवर ठरतो. दोन पँटी मिळून बेरीज वाढली म्हणून कुणी जास्त दर लावला तर तिथंच बोला.

## टप्पा ७: शिंप्याकडून शिवून घेताना

कापड ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला सुमारे १.६ मीटर, पँटला १.२ ते १.३ मीटर लागतं. आटण्याचे आणि आसनातल्या कळीचे म्हणून प्रत्येकी २० सेंटिमीटर वाढवा. कापण्याआधी संपूर्ण कापड धुऊन द्या. शिंपी "गरज नाही" म्हणेल. तरी धुऊनच द्या.

त्याला तोंडी सांगू नका, लिहून द्या: आसनात चौकोनी कळी, दुहेरी टीप, गुडघ्याला बाहेरून दुसरा थर, खिशांना ड्रिलचंच अस्तर, आतून एक इंच जादा कापड सोडून शिलाई. आसनातली कळी म्हणजे चार बोटांचा तुकडा, पण तो घातला की चारही शिलाया एका बिंदूवर येत नाहीत आणि उकिडवं बसताना ताण विभागला जातो.

आता बायकांच्या कपड्यांबद्दल, कारण इथं सगळ्यात जास्त हेळसांड होते. ऊसतोडीला, कापूस वेचणीला, खुरपणीला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना शर्ट घालते. त्याचे खांदे तिच्या दंडावर येतात, बाही पंजावर उतरते आणि विळ्याच्या मुठीत अडकते. छातीवर बटणं ताणतात, कंबरेला कापड गोळा होतं, वाकल्यावर पाठ उघडी पडते. मोबाइल आणि पैसे ठेवायला खिसा असतो तो नेमका छातीवर, वाकलं की सगळं सरीत.

तिचा शर्ट तिच्याच मापानं शिवा. माप साडी-ब्लाउजवरून घ्या आणि छातीला ४ ते ५ इंच सैल धरा. खांदा मोजून तंतोतंत. मुंढा खोल नको, नाहीतर हात वर करताना अख्खा शर्ट उचलला जातो. बाही मनगटावर निमुळती, दोन बटणांची, एक घट्ट आणि एक सैल. मागची उंची पुढच्यापेक्षा ३ इंच जास्त. दोन्ही बाजूंना चिरा, म्हणजे साडीच्या घेरावर शर्ट अडकत नाही. खिसा कंबरेच्या बाजूला, आतून, झाकणासह. माप देताना तिला एकदा वाकून, एकदा बसून दाखवायला सांगा. शिंप्यासमोर संकोच वाटत असेल तर हे माप घरात दुसऱ्या बाईनं घ्यावं आणि कागदावर लिहून पाठवावं.

> तपासा: शिवून आल्यावर टप्पा ५ पुन्हा करा. ओळखीचा शिंपी असला तरी.

## टप्पा ८: एकच नग, तीन धुणी, पंधरा दिवस

सगळ्यांसाठी एकदम घेऊ नका. एक नग घ्या आणि जो सगळ्यात जास्त कपडे फाडतो त्याला द्या. तीनदा धुवा, पंधरा दिवस कामावर घाला. मग उंची, कंबर मोजा, आसन आणि गुडघा उजेडात धरा, आणि घालणाऱ्याला विचारा: कुठं टोचतं, कुठं काचतं, कुठला खिसा वापरलाच नाही. आमच्याकडं एकानं सांगितलं की मागचा खिसा ट्रॅक्टरच्या सीटवर घासून आधी तोच फाटतो. तेव्हापासून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या पँटला मागचे खिसेच लावत नाही.

किमतीचा हिशेब इथं करा, आधी नाही. समजा ६०० रुपयांची पँट ४ महिने चालली, तर महिना १५० रुपये. शिलाईसह १,२०० रुपयांना पडलेली १५ महिने चालली, तर महिना ८० रुपये.

## टप्पा ९: उरलेली खरेदी आणि तक्रार

नग कसोटीला उतरला की त्याच ताग्यातून उरलेलं कापड एकदम उचला. नव्या लॉटमध्ये रंग आणि कधी कधी वजनही बदलतं, म्हणून तागा बदलला तर टप्पा ४ पुन्हा. माणशी दोन जोड हे किमान. एक अंगावर, एक दोरीवर.

तयार मालात दोष निघाला तर कपडा, चिठ्ठी, बिल आणि दोषाचा फोटो घेऊन आधी दुकानात जा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिल नसेल तर बोलणं अवघड होतं.

कपडा वापरात काढताना नेफ्याच्या आत पक्क्या शाईनं महिना आणि वर्ष लिहा. कापडाच्या उरलेल्या चिंध्या फेकू नका. एक मोठा तुकडा पँटच्या खिशात पिन लावून ठेवा आणि प्रत्येक धुण्यात पँटबरोबरच धुऊ द्या. वर्षभरानं गुडघ्याला ठिगळ लागेल, तेव्हा तो तुकडा पँटइतकाच आटलेला आणि तितकाच फिका झालेला असेल.